काढा तोच, मग पोट का बिघडले?

पत्राचा सारांश: मुलाकडे सिंगापूरला राहायला गेलेल्या 56 वर्षांच्या एका भगिनींनी लिहिले आहे. गेली दोन वर्षे त्यांचे पोट रोजच्या रोज साफ होत नाही आणि जेवणानंतर फुगते. शेजारच्या चिनी बाईंच्या सांगण्यावरून त्या तिथल्या नोंदणीकृत चिनी वैद्यांकडे गेल्या. वैद्यांनी दिलेल्या पुड्या रोज पाऊण तास उकळून त्यांनी तीन आठवडे काढा घेतला आणि त्यांना बरे वाटले. पुड्या संपल्यावर मात्र पुन्हा वैद्यांकडे न जाता त्यांनी औषधांची नावे दुसऱ्या दुकानात सांगितली आणि तीच औषधे निम्म्या किमतीत आणली. दुकानातल्या मुलीने त्यांतले ‘दाहुआंग’ वेगळ्या पुडीत बांधून दिले व काढा उतरवण्याआधी पाच मिनिटे टाकायला सांगितले. त्या रात्री पोटात मुरडा आला, पहाटेपासून सहा जुलाब झाले आणि दुपारपर्यंत हातापायांतले त्राण गेले. यजमानांच्या मते दुकानदाराने भेसळ केली. शेजारीणबाईंच्या मते कच्चे औषध अधिक शुद्ध व जोरकस असते, तेव्हा झाले ते चांगलेच झाले. त्यांनी केस काळे राहावेत म्हणून ‘हे शोउ वू’ नावाच्या मुळीचे कापही भेट दिले आहेत. पत्रलेखिकेला रक्तदाबाची गोळी चालू आहे, शिवाय लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आहेत. आपण फसलो का, औषध कच्चे घ्यावे की संस्कार केलेले, काढा पुढे चालू ठेवावा का आणि तो कोणत्या भांड्यात करावा, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही अगदी जाता जाता दिली आहे. पहिल्या वेळी सगळी औषधे एकत्र पाऊण तास उकळली आणि दुसऱ्या वेळी दाहुआंग शेवटच्या पाच मिनिटांत पडले. भेसळीचा संशय घेण्याआधी या फरकाकडे पाहू, कारण माझ्या मते सहा जुलाबांचा उलगडा बहुधा तिथेच आहे. मी वैद्य नाही. औषधी वनस्पतींचे शास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मी जे सांगेन ते मुळ्यांविषयी असेल. तुमच्या प्रकृतीचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्यांनीच करायचा आहे.

दाहुआंग आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत जी रेवंदचिनी मिळते ती याच कुळातली. आज आपल्याकडे येणारी मुळी हिमालयातल्या जातीची असली तरी नावातला ‘चिनी’ हा शब्द तिचा जुना व्यापारी मार्ग सांगतो. या मुळीत रेचक द्रव्ये असतात आणि त्यांतली महत्त्वाची, म्हणजे सेनोसाइड, सोनामुखीच्या पानांतही आहेत. त्यांचा गुण असा की ती साखरेच्या रेणूला जोडलेली असल्यामुळे लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत, जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जिवाणू ती साखर तोडतात आणि मग तयार होणारे द्रव्य आतड्याची हालचाल वाढवते व पाणी परत शोषू देत नाही. म्हणूनच परिणाम दिसायला सहा ते बारा तास लागतात. रात्री घेतलेल्या काढ्याने तुम्हाला पहाटे उठवले ते याच हिशेबाने.

आता तीच मुळी मद्यासह बंद भांड्यात वाफवली, किंवा काढ्यात बराच वेळ उकळली, तर ती जोडलेली साखर आतड्यात जाण्याआधी चुलीवरच बरीचशी सुटते. सुटे झालेले द्रव्य वरच्या आतड्यातच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत थोडेच पोहोचते आणि रेचकपणा उतरतो. वाफवून काळपट झालेल्या या मुळीला चिनी भाषेत ‘शू दाहुआंग’, म्हणजे शिजवलेले दाहुआंग म्हणतात. मद्य शिंपडून नुसते परतलेले ते ‘चिऊ दाहुआंग’, आणि बाहेरून काळे होईतो भाजलेले ते ‘दाहुआंग थान’. हे शेवटचे तर पोट साफ करण्यासाठी देतच नाहीत, रक्तस्रावावर देतात. मुळीत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिनही भरपूर असते. त्यामुळे अगदी थोडी मात्रा उलट मलावरोध करू शकते, आणि जुलाबांनंतरचे दोन दिवस पोट गप्प बसते. तुम्हीही लिहिले आहे की नंतर तीन दिवस काहीच झाले नाही. तो नवा आजार नव्हता, हे ध्यानात घ्या, म्हणजे पुन्हा तोच काढा घेण्याचा मोह होणार नाही.

चीनच्या अधिकृत औषधकोशात दाहुआंगच्या कच्च्या आणि संस्कारित रूपांचे वेगवेगळे वर्णन आहे आणि जुलाबासाठी द्यायचे असल्यास ते फार वेळ उकळू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दुकानातल्या मुलीने तुम्हाला खोटे काही सांगितले नाही. तिने कच्च्या दाहुआंगाचा नियम सांगितला. तुमच्या वैद्यांनी मात्र, पाऊण तास उकळायला सांगितले त्यावरून, बहुधा शिजवलेले दाहुआंग दिले असावे, किंवा कच्चेच देऊन त्याचा जोर मुद्दाम उतरवला असावा. नुसते ‘दाहुआंग’ मागितले तर कच्चे काप मिळतात. आपण दुकानात जाऊन नुसते ‘आले’ म्हटले तर कोणी सुंठ देत नाही, तसेच हे आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: भेसळीची शक्यता कोणीच शून्य म्हणणार नाही, पण तुमची हकिगत समजण्यासाठी तिची गरज पडत नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव होते, संस्कार नव्हता, आणि निम्मे औषध त्या न लिहिलेल्या शब्दात होते.

या संस्कारांच्या शास्त्राला चिनी भाषेत ‘पाओझी’ म्हणतात आणि ते फार जुने आहे. या विषयावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ पाचव्या शतकातला मानला जातो. पुढे चीनच्या मिंग राजवटीत, 1565 साली, छन जियामो या वैद्यांनी कोणत्या पदार्थाच्या संस्काराने औषध शरीरात कुठे वळते याचे आडाखे मांडले: मद्याने वर चढते, आल्याने उष्ण होऊन पसरते, मिठाने मूत्रपिंडाकडे जाते, शिरक्याने यकृताकडे. हे आडाखे त्या वैद्यकाच्या आतल्या तर्काचे आहेत, ते रसायनशास्त्राचे नियम म्हणून घेऊ नयेत. मात्र त्याच लेखकाने दिलेला इशारा आजही कोणत्याही औषधशाळेच्या दारावर लावण्यासारखा आहे. संस्कार कमी पडला तर गुण येत नाही आणि जास्त झाला तर असलेला गुण जातो, असा त्याचा आशय आहे.

‘कच्चे ते शुद्ध’ हे शेजारीणबाईंचे मत मला थोडे तपासून पाहावेसे वाटते, कारण तसे मानणारे लोक आपल्यातही पुष्कळ आहेत. तुम्ही अळूचे फदफदे करता तेव्हा त्यात चिंच का घालता? अळूत सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाज सुटते, म्हणून. चिनी वैद्यकात ओकारीवर आणि कफावर ‘बान शिया’ नावाचा कंद देतात. तो अळूच्याच कुळातला, त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे तसेच स्फटिक आहेत आणि कच्चा खाल्ला तर घसा सुजवतो. तो तुरटीच्या पाण्यात, आल्याच्या रसात, किंवा चुना आणि ज्येष्ठमधात मुरवून मगच पोटात देतात. ओकारी थांबवण्याचे औषध कच्चे असताना ओकारी आणते, यापेक्षा बोलके उदाहरण मला सुचत नाही. कच्च्या अळूला कोणी अधिक शुद्ध म्हणून पान चावत नाही, मग परक्या मुळीला का म्हणावे?

आणि हे सगळे चीनलाच सुचले असेही नाही. हिरडा घ्या. चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर मळ काढतो, वाफवला तर मळ बांधतो आणि भाजला तर तिन्ही दोष शमवतो, असे भावप्रकाशात सांगितले आहे. आपल्या घरांत एरंडेलात परतलेला बाळहिरडा वेगळा आणि उगाळून दिलेला हिरडा वेगळा, हे आजीला ठाऊक असे. गंमत अशी की हाच हिरडा चीनमध्येही औषध आहे. त्याचे जुने नाव ‘हेलिले’ हे हरीतकीच्याच वाटेने गेलेले, आजचे नाव ‘हे-त्झ’. तिथे तो कच्चा असेल तर बसलेल्या आवाजासाठी आणि भाजलेला असेल तर जुलाब थांबवण्यासाठी देतात. जायफळाचेही तसेच. कच्च्या जायफळातले तेल आतड्याला ढिले करते असे मानून चिनी दुकानदार ते कोंड्यात भाजून, तेल उतरवून, मग जुलाबावर देतात. आणि पावसाळ्यात कोकणात टाकळ्याची भाजी खाणाऱ्यांना सांगायला हवे की टाकळ्याच्या बिया चीनमध्ये डोळ्यांसाठी आणि पोटासाठी चहासारख्या पितात. कच्च्या बिया पोट ढिले करतात, भाजलेल्या सौम्य असतात.

तुमच्या फुगणाऱ्या पोटाशी ज्या औषधाचा जवळचा संबंध दिसतो ते तुमच्या यादीतले ‘बाइ झू’. ही मुळी गव्हाच्या कोंड्यात पिवळी होईतो भाजतात. भाजताना तिच्यातले उडून जाणारे तेल कमी होते आणि त्यातल्या एका द्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होते. भाजलेली बाइ झू मंद भूक, फुगारा आणि पातळ शौच यांसाठी योजतात, तर कच्ची, मोठ्या मात्रेत, काही वैद्य चक्क मलावरोधावर देतात. एकच मुळी, दोन विरुद्ध तक्रारी. दुसऱ्या दुकानातल्या पुडीत ती कच्ची आली की भाजलेली, हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि पत्रावरून मलाही नाही. तिचा रंग पांढुरका होता की तपकिरी, आणि तिला खरपूस वास होता का, एवढे आठवून पाहा.

येथे मला एक मर्यादा सांगितली पाहिजे. संस्काराने कोणते द्रव्य वाढते आणि कोणते घटते याचा पुरावा बराच भक्कम आहे, पण त्यातला बहुतेक प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे. दाहुआंगाच्या बाबतीत माणसाच्या पोटाचा अनुभव आणि रसायनशास्त्र हातात हात घालून चालतात. सगळ्याच मुळ्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. म्हणून ‘संस्कारित म्हणजे निर्धोक’ हा कच्च्याच्या कौतुकाचा उलटा गैरसमजही मनात धरू नका. त्याचे उदाहरण तुमच्या घरात येऊन पडले आहे.

हे शोउ वू. कच्ची मुळी दाहुआंगासारखीच पोट ढिले करते, कारण द्रव्ये त्याच जातीची. ती काळ्या सोयाबीनच्या काढ्यात मुरवून, साधारण 100 किलो मुळीला 10 किलो सोयाबीन या प्रमाणात, वाफवली की काळीभोर होते, रेचकपणा उतरतो आणि मग तिला पौष्टिक, केस काळे राखणारी म्हणतात. इथवर कथा दाहुआंगाचीच आहे. पण या मुळीने काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2006 साली त्याबद्दल इशारा दिला, पुढे चीनच्या औषध प्रशासनानेही दिला, आणि अशा नोंदी कच्च्या व संस्कारित या दोन्ही रूपांच्या आहेत. विशिष्ट जनुकीय ठेवण असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो असेही दिसून आले आहे, पण आपण त्यांतले आहोत की नाही हे घरबसल्या कळत नाही. केसांसाठी यकृत पणाला लावावे असे मला वाटत नाही. शेजारीणबाईंनी प्रेमाने दिले आहे, तेव्हा नाकारणे जड जाईल. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे असे सांगा, कोणाचे मन दुखणार नाही. आधीच काही दिवस घेतले असेल आणि डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नाची शिसारी, विनाकारण थकवा यांतले काही जाणवले, तर थांबू नका, यकृतासाठीची रक्ततपासणी करून घ्या.

रक्तदाबाची गोळी आहे म्हणून आणखी एक गोष्ट. तुमच्या यादीत ‘झी कानत्साओ’ आहे, म्हणजे मधात परतलेले ज्येष्ठमध. मधाच्या संस्काराने ते पोटाला अधिक मानवते, असे चिनी वैद्य मानतात, पण ज्येष्ठमधातले जे द्रव्य शरीरात पाणी व मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम घालवते ते त्याने नाहीसे होत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पोटॅशियम घालवतात, जुलाबांतूनही ते जाते. तिन्ही एकत्र आले की हातापायांतले त्राण जाणे, पेटके येणे, छातीत धडधडणे असे होऊ शकते. त्या दुपारचा तुमचा अशक्तपणा निव्वळ पाणी कमी पडल्याचा असेलही, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना गोळीचे नाव आणि काढ्याची यादी दोन्ही दाखवा आणि पोटॅशियम तपासायचे का, असे विचारा.

आता ज्या गृहीतावर तुमचे सगळे पत्र उभे आहे त्याकडे वळतो, आणि हे थोडे संकोचाने लिहितो. तुम्ही लिहिता की ‘पोट साफ होत नाही’, पण पुढे असेही लिहिता की एक दिवसाआड होते, कुंथावे लागत नाही, शौच कठीण नसते. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा मोठा पल्ला डॉक्टर स्वाभाविक मानतात. आपल्याकडे सकाळी उठल्यावर चहाबरोबर पोट साफ झाले नाही तर दिवस वाया गेल्यासारखे वाटते, आणि त्या एका समजुतीवर चूर्णांचा केवढा व्यापार चालतो! तुमचा खरा त्रास फुगाऱ्याचा असावा, आणि त्यासाठी रेचक घेणे म्हणजे पाहुणे जात नाहीत म्हणून घर रिकामे करण्यासारखे आहे. शिवाय लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मळ बांधतात, हे तुम्हाला कोणी सांगितले होते का? त्या कधी सुरू झाल्या आणि तक्रार कधी सुरू झाली, याच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहा. त्याचबरोबर, पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली असेल तर एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी झालीच पाहिजे, काढा घ्या अथवा न घ्या. रक्त दिसणे, वजन घटणे, रात्री दुखण्याने जाग येणे यांतले काही असेल तर ती या आठवड्यातच करा.

हे सगळे ऐकूनही तुम्हाला चिनी काढा घ्यावासा वाटला, तर मी अडवणार नाही. तीन आठवडे तुम्हाला बरे वाटले होते, हे मी विसरलेलो नाही. पण मग पहिल्याच वैद्यांकडे परत जा. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची नोंदणी 2000 सालच्या कायद्याने होते आणि तुमचे वैद्य नोंदणीकृत आहेत, ही जमेची बाजू आहे. झालेला प्रकार, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि ज्येष्ठमधाबद्दलची शंका त्यांना न लपवता सांगा. प्रत्येक औषधापुढे त्याचा संस्कार लिहून मागा. नावाआधी ‘शेंग’ असेल तर कच्चे, ‘शू’ म्हणजे शिजवलेले, ‘छाओ’ म्हणजे भाजलेले, ‘चिऊ’ म्हणजे मद्यातले, ‘झी’ म्हणजे बहुधा मधातले किंवा अन्य संस्कार केलेले, आणि नावामागे ‘थान’ म्हणजे काळे होईतो भाजलेले. काय आधी टाकायचे, काय शेवटी आणि किती मिनिटे, हेही लिहून घ्या. दुकान बदलायचे झाले तर ती चिठ्ठी दाखवा, नुसती नावे सांगू नका. पाण्यात विरघळणारी तयार भुकटी मिळत असेल तर तिच्यासाठीही हाच प्रश्न विचारा, कारण भुकटी कशाची केली आहे हे रंगावरून ओळखता येत नाही. रेचक औषध असलेला काढा दोन आठवड्यांपलीकडे आपल्या मनाने लांबवू नका. सोनामुखी आणि दाहुआंग यांसारखी द्रव्ये दीर्घकाळ घेतल्यास मोठ्या आतड्याचे अस्तर काळे पडते, आणि ते औषध थांबवल्यावर हळूहळू पूर्ववत होत असले तरी तोवर आतडे आपले काम विसरू लागले की काय, अशी शंका येण्याइतकी सवय जडते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या वाचक भगिनींनी तर दाहुआंग असलेल्या काढ्यापासून दूरच राहावे.

उरलेल्या चार पुड्या यजमानांनी ‘पुरावा’ म्हणून ठेवल्या आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्या ठेवायच्या तर ठेवा, फक्त स्वयंपाकघराबाहेर, आणि पुढच्या भेटीत वैद्यांना उघडून दाखवा. कच्चे की शिजवलेले, हे ते पाहताक्षणी सांगतील.

भांड्याचे म्हणाल तर मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे घ्या. लोखंडी कढई नको, कारण मुळ्यांतले टॅनिन लोखंडाला धरते आणि काढा शाईसारखा काळा होतो. आणि झाकण ठेवायचे की नाही हेही वैद्यांना विचारा, कारण ज्या औषधाचा सुवासच कामाचा असतो ते उघड्यावर पाऊण तास उकळले तर तो सगळा तुमच्या सूनबाईंच्या दिवाणखान्यात जाईल.

आपला,
सदरलेखक